कुमारी मेरी किंग्स्ली व त्यांच्या नांवाचा मासा

लंडन येथील सृष्टिविज्ञानाच्या संग्रहालयांत स्पिरिटमध्यें बुडवून ठेवलेले एका लहानशा माशाचे नमुने आहेत. हा मासा पश्चिम आफ्रिकेंतील नद्यांचा. लांबी वितीहून कमी, रंग तपकिरी, डोळे बारीक, तोंड लहान. बाजारांत मांडला तर कोणी त्याच्याकडे दुसऱ्यांदां वळून पाहणार नाहीं. परंतु त्याच्या शास्त्रीय नांवांत एका बाईंचें नांव गुंफलेलें आहे, आणि त्या बाईंस लहानपणीं शाळा अशी लाभलीच नव्हती. या अंकासाठीं कोणाचें चरित्र घ्यावें असा प्रश्न पडला तेव्हां हीच गोष्ट आमच्या मनांत प्रथम आली. म्हणून कुमारी मेरी किंग्स्ली यांची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांस मरण येऊन शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. माशाची हकीकत मात्र अजून चालूच आहे.

मेरीबाईंचा जन्म १३ ऑक्टोबर १८६२ रोजीं लंडनच्या इझ्लिंग्टन भागांत झाला. त्यांचे चुलते चार्ल्स किंग्स्ली हे ‘वॉटर बेबीज’ या गोष्टीचे कर्ते म्हणून इंग्रजी वाचणाऱ्यांस ठाऊक असतील. वडील डॉ. जॉर्ज किंग्स्ली यांस प्रवासाचें विलक्षण वेड. कोणी श्रीमंत सरदार समुद्रपर्यटनास किंवा शिकारीस निघाला कीं हे त्याचे वैद्य म्हणून बरोबर जावयाचे, ते महिनेच्या महिने घरीं परत यावयाचे नाहींत. आई नेहमीं आजारी. घर चालविणें आणि आईची शुश्रूषा करणें यांतच थोरल्या मुलीचें बाळपण गेलें. धाकट्या भावास शिक्षण दिलें, पुढें केंब्रिज येथें कायद्याच्या अभ्यासास ठेविलें, व त्यावर बापानें सढळ हातानें पैसा खर्च केला. मेरीस पैसे भरून शिकविलेली विद्या एकच, ती जर्मन भाषा. आणि तीहि बापाच्या अभ्यासाच्या कामीं तिची मदत व्हावी म्हणून. ज्या पालकांच्या घरीं मुलगा व मुलगी दोन्ही आहेत त्यांनीं हा मजकूर जरा सावकाश वाचावा.

शाळा नव्हती, पण बापाचीं पुस्तकांचीं कपाटें होतीं. प्रवासवर्णनें, शास्त्रीय ग्रंथ, दूरदेशच्या लोकांच्या चालीरीतींवरील पुस्तकें, जें हातीं लागेल तें ती वाचीत गेली. चूक दाखविणारा कोणी नव्हता, तसा शाबासकी देणाराहि नव्हता. १८८६ सालीं कुटुंब केंब्रिजला राहावयास गेलें, तेव्हां विद्वान मंडळींचा थोडाबहुत सहवास घडूं लागला. १८९२ च्या फेब्रुवारींत वडील वारले, आणि एप्रिलांत आई वारली. ज्यांच्यासाठीं इतकीं वर्षें घर धरून बसल्या तीं दोन्ही माणसें अशीं पाठोपाठ गेलीं. मेरीबाई तेव्हां २९ वर्षांच्या होत्या.

त्यांनीं पुढें काय करावें याविषयीं आप्तइष्टांनीं कांहीं ठरविलें असेल तर तें तसेंच राहिलें. कानेरी बेटांवर एक लहानसा प्रवास करून आल्यावर १८९३ च्या ऑगस्टांत त्या लिव्हरपूल बंदरांतून मालवाहू जहाजानें पश्चिम आफ्रिकेस निघाल्या. हा किनारा त्या काळीं गोऱ्या लोकांची स्मशानभूमि म्हणून कुप्रसिद्ध होता. हिंवतापानें व काळ्या पाण्याच्या तापानें तेथें गेलेलीं माणसें भराभर मरत. एकट्या अविवाहित बाईनें तिकडे जाणें म्हणजे लोकांच्या दृष्टीनें निव्वळ वेडेपणाच होता. सिएरा लिओनपासून अंगोलापर्यंतचा किनारा पाहून १८९४ च्या आरंभीं त्या सुखरूप परत आल्या. येतांना बरोबर कांहीं किडे व मासे होते, ते त्यांनीं ब्रिटिश म्यूझियमकडे नेले.

येथें या हकीकतींत दुसरे एक गृहस्थ येतात. डॉ. आल्बर्ट गुंथर हे जन्मानें जर्मन. म्यूझियमच्या प्राणिविभागाचे ते अनेक वर्षें प्रमुख होते व मत्स्यशास्त्रांत त्यांच्या तोडीचे पुरुष त्या वेळीं युरोपांत थोडेच होते. मेरीबाईंजवळ कसलीहि पदवी नव्हती. परंतु नमुने नीट राखलेले आहेत, हें पाहणाऱ्यास कळत होतें. दुसऱ्या प्रवासाच्या वेळीं गुंथर यांनीं त्यांस नमुने जपून आणण्याचें सामान दिलें. मुख्य काम ठरलें तें गोड्या पाण्यांतील मासे गोळा करण्याचें. ज्या कामास शिकलेला मनुष्य सहसा तयार होत नसे त्या कामास ही न शिकलेली बाई नेमली गेली, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

१८९४ च्या डिसेंबरांत मेरीबाई पुन्हा निघाल्या. प्रथम कांहीं महिने त्यांनीं कालाबार येथें काढले. जवळच ओकोयाँगच्या रानांत स्कॉच मिशनच्या मेरी स्लेसर एकट्या राहून काम करीत होत्या. जुळीं मुलें अशुभ मानून टाकून देण्याची जी चाल तेथें होती तिच्याशीं त्यांचा झगडा चाललेला होता. या दोन मेरींची भेट झाली व चांगली मैत्री जमली. धर्मकार्याविषयीं दोघींचीं मतें एक नव्हतीं, हें आम्ही लपवीत नाहीं. मिशनच्या पद्धतींवर मेरीबाईंनीं पुढें पुष्कळ टीका केली. तरी अंगीं निष्ठा असलेला मनुष्य त्यांस ओळखतां येत असे, आणि स्लेसरबाईंविषयीं त्यांनीं नेहमीं आदरच दाखविला.

नंतर त्या दक्षिणेस गॅबॉनमध्यें गेल्या. हा मुलूख तेव्हां फ्रेंचांच्या ताब्यांत होता, व त्यांतील मोठी नदी ती ओगोवे. आगबोटीनें लांबारेने व पुढें तालागूगापर्यंत जातां येई. दोन्ही ठिकाणीं फ्रेंच प्रॉटेस्टंट मिशनचीं ठाणीं होतीं, व तेथील मिशनरी कुटुंबांनीं या अनोळखी पाहुणीस आपल्या घरीं ठेवून घेतलें. आमच्या वाचकांस लांबारेने हें नांव दुसऱ्या एका कारणानें परिचित असेल, डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर यांनीं आपला दवाखाना १९१३ सालीं काढिला तो तेथेंच.

मेरीबाईंचा पोषाख सदोदित एकच असे. गळ्यापर्यंत बंद असा झगा, जाड काळा घोळदार घागरा, डोक्यास लहानशी टोपी, हातांत छत्री. जो वेष इंग्लंडांत घालण्यास लाज वाटेल तो आफ्रिकेंत कां घालावा, असा त्यांचा विचार. हा घागरा एकदां फार उपयोगीं पडला. ओगोवेपासून रेंबुए नदीपर्यंत फांग लोकांच्या रानांतून त्या पायीं जात असतां वाटेवर पाचोळ्यानें झाकलेला जनावरें धरण्याचा खड्डा होता. पंधरा फुटांच्या त्या खड्ड्यांत खालीं अणकुचीदार खुंट पुरलेले. मेरीबाई त्यांत पडल्या, आणि जाड कापडाच्या घड्यांवर बसल्यासारख्या होऊन वांचल्या. बरोबरच्या माणसांनीं वर ओढून घेतल्यावर त्या पुढें चालूं लागल्या.

या भागांत त्या व्यापारी म्हणून हिंडत. कापड, तंबाखू व माशांचे गळ देऊन त्याबद्दल रबर व हस्तिदंत घ्यावयाचे. यामुळें प्रवासाचा खर्च भागे. शिवाय व्यापारी कशासाठीं आला आहे हें कोणत्याहि गांवास कळतें, त्यामुळें संशय येत नाहीं. गळ देऊन मासे घेणें हा तर फारच सोयीचा सौदा! ओगोवेच्या जोराच्या ओघांत लांबट होडी एकटीनें वल्हवावयास त्या शिकल्या, आणि हें कौशल्य आपणांस साधलें याचा त्यांस ग्रंथ लिहिण्याहून अधिक अभिमान वाटे. तिवरांच्या दलदलींत एकदां एक मगर होडीवर चढूं लागला. त्याच्या नाकावर वल्ह्याचा तडाखा देऊन त्यास परत पाठविलें. परत फिरतांना सप्टेंबर १८९५ मध्यें त्या कामेरूनच्या १३,००० फुटांहून उंच पर्वतावर चढल्या. शिखरावर धुकें इतकें दाट कीं एवढ्या श्रमानें चढूनहि खालचा देखावा कांहींच दिसला नाहीं.

नोव्हेंबर १८९५ मध्यें त्या इंग्लंडला पोंचल्या. माशांच्या ६५ जाति व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या १८ जाति त्यांनीं आणिल्या होत्या. ऊन, पाऊस, उलटणाऱ्या होड्या आणि ओझेकऱ्यांच्या डोक्यावरचा प्रवास एवढ्यांतून त्या बरण्या शाबूत आल्या. १८९६ सालीं गुंथर यांनीं या संग्रहावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांत तीन मासे शास्त्रास नवीन निघाले, व तिघांनाहि त्यांनीं किंग्स्ली हें नांव दिलें. आमचा तपकिरी मासा त्यांतलाच एक.

माशाचें शास्त्रीय नांव दोन शब्दांचें असतें. पहिला शब्द वंशाचा, म्हणजे आपल्या आडनांवासारखा. दुसरा त्या जातीचा स्वतःचा. गुंथर यांनीं या माशाचें नांव मॉर्मायरस किंग्स्लीए असें ठेविलें. मॉर्मायरस कुलांतील मासे फक्त आफ्रिकेंतील गोड्या पाण्यांत होतात. यांपैकीं लांब सोंडेसारख्या तोंडाचा एक मासा प्राचीन मिसर देशांत पवित्र मानीत, व ऑक्सिरिंकस या शहरास त्याचेंच नांव पडलें होतें. आपल्या भीमा नदींत सुरीच्या पात्यासारखा चपटा असा नोटोप्टेरस नांवाचा मासा मिळतो, तो या कुलाचा दूरचा नातलग आहे. परंतु पुढें सांगावयाची जी नवलाई ती त्याच्यापाशीं नाहीं.

त्या नवलाईविषयीं सांगण्यापूर्वीं मेरीबाईंचें उरलेलें चरित्र संपविलें पाहिजे, कारण तें फार थोडें उरलें होतें. १८९७ सालीं त्यांचा पश्चिम आफ्रिकेंतील प्रवासाचा मोठा ग्रंथ निघाला आणि त्या एकाएकीं प्रसिद्ध झाल्या. गांवोगांव व्याख्यानें झालीं. १८९८ सालीं सिएरा लिओनमध्यें सरकारनें झोंपडीपट्टी, म्हणजे प्रत्येक झोंपडीवर कर, बसविला आणि त्यावरून तेथें बंड झालें. तेव्हां हा कर अन्यायाचा आहे असें त्यांनीं वसाहतमंत्र्यांस निर्भीडपणें कळविलें. आफ्रिकेच्या लोकांस स्वतःचे कायदे व स्वतःचा विचार आहे, तो समजून घेतल्यावांचून त्यांवर राज्य करूं नये, असें त्या सांगत. मात्र त्यांचीं सगळींच मतें आम्हांस मान्य नाहींत. दारूच्या व्यापाराची त्यांनीं जी बाजू घेतली ती न घेतली असती तर बरें झालें असतें. तसेंच आफ्रिकी माणूस युरोपियनाहून मुळांतच निराळा आहे असें त्या मानीत. मनुष्यजात एकच आहे हें शास्त्रानें आतां पुरतें सिद्ध केलें आहे. माशांच्या जाति इतक्या काळजीनें गोळा करणाऱ्या बाईंची माणसांच्या बाबतींत अशी चूक व्हावी, याचा खेद वाटतो.

१९०० च्या मार्च महिन्यांत बोअर युद्ध चालू असतां त्या परिचारिका म्हणून दक्षिण आफ्रिकेस गेल्या. तेथून पुढें आपल्या आवडत्या पश्चिम किनाऱ्यावर जावें असा त्यांचा बेत होता. सायमन्सटाउन येथें पकडून आणलेल्या बोअर कैद्यांचें इस्पितळ त्यांच्याकडे आलें. विषमज्वराची सांथ होती. शत्रूकडील आजारी माणसांची शुश्रूषा करितांना त्यांस तोच ज्वर झाला, व ३ जून १९०० रोजीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांस समुद्रांत समाधि दिली. त्यांच्या स्मरणार्थ १९०१ सालीं लंडनमध्यें आफ्रिकन सोसायटी स्थापन झाली.

आतां त्या माशाकडे वळूं. मेरीबाईंनीं ज्या माशास हातांत धरलें, बरणींत घातलें, तो जिवंतपणीं क्षणोक्षणीं पाण्यांत विजेचे ठोके सोडीत होता. ही वीज इतकी मंद कीं हातास मुळींच जाणवत नाहीं. मॉर्मायरस कुलाच्या शेपटींत विजेच्या अवयवासारखें कांहीं आहे हें शारीरशास्त्रज्ञांस ठाऊक होतें, परंतु झटका बसत नाहीं म्हणून त्यांना तो अर्धवट व निरुपयोगी अवयव वाटे. डार्विन यांनीं १८५९ च्या आपल्या ग्रंथांत विजेच्या माशांची गणना आपल्या उपपत्तीस अवघड जाणाऱ्या गोष्टींत केली होती. शत्रूस लोळविणारा अवयव एकदम कसा निर्माण होईल? आणि हळूहळू झाला म्हणावें, तर आरंभींच्या दुबळ्या विजेचा उपयोग काय? उत्तर मिळावयास जवळजवळ एक शतक लागलें. १९५१ सालीं केंब्रिज येथील हान्स लिस्मन यांनीं दाखविलें कीं नाईल नदींतील जिम्नार्कस हा मासा सतत मंद वीज सोडीत असतो. आणि १९५८ पर्यंत हेंहि स्पष्ट झालें कीं त्या विजेच्या साहाय्यानें अंधारांतील वस्तू त्यास कळतात. दुबळ्या विजेचाहि उपयोग होता तर! ज्या केंब्रिजमध्यें मेरीबाईंनीं आईच्या उशाशीं बसून वर्षें काढलीं त्याच गांवीं हा उलगडा व्हावा, ही योगायोगाची गोष्ट.

आमच्या माशाचा अवयव शेपटीच्या बारीक दांड्यांत असतो. मूळच्या स्नायूंच्याच पेशी बदलून चकत्यांसारख्या झालेल्या असतात, व त्या नाण्यांच्या चळतीप्रमाणें एकीशीं एक लागून रचलेल्या असतात. मज्जातंतूंचा इशारा येतांच सर्व चकत्या एकदम काम करितात. एक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याच्या कांहीं पट एवढाच टिकतो. तेवढ्यांत वीज आधीं कोणत्या दिशेस वळली, मग कोणत्या, किती वेळ, यांवरून ठोक्यास एक आकृति येते. ती यंत्रानें कागदावर उमटवितां येते. ही आकृति प्रत्येक जातीची निराळी. गढूळ नदींत, रात्रीच्या काळोखांत, माशास आपल्या जातीचा मासा ओळखतां येतो तो या खुणेवरून. १९८१ सालीं प्रयोगांनीं याची खात्री पटली.

यामुळें वर्गीकरणाच्या कामांत मोठी गडबड उडाली. जुने शास्त्रज्ञ बरणींतील मासा घेऊन खवले मोजीत, परांचे कांटे मोजीत, दांत पाहत. या रीतीनें आमच्या माशाचें आडनांवच बदलत गेलें. बेल्जियमच्या लुई तावेर्न यांनीं सांगाडे तपासून १९७१ सालीं ब्रिएनोमायरस हा वंश निराळा केला, व आमचा मासा त्यांत गेला. पुढें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल हॉपकिन्स व त्यांचे सहकारी गॅबॉनच्या नद्यांवर गेले. त्यांनीं जिवंत माशाचा ठोका आधीं टिपून घ्यावा, मग नमुना राखावा, असा क्रम ठेविला. १४०० हून अधिक मासे जमा झाले. रूप व ठोका मिळून पाहतां त्यांत ३८ निरनिराळे प्रकार दिसले, आणि त्यांपैकीं अवघे चार पूर्वीं वर्णिलेल्या जातींशीं निश्चित जुळले. आनुवंशिक द्रव्याची तुलना केली तेव्हां हे सर्व एकाच पूर्वजाचे वंशज ठरले, आणि फांट्यांमधलें अंतर इतकें थोडें निघालें कीं ही फूट अलीकडचीच असावी. हा निबंध २००२ सालीं प्रसिद्ध झाला. या साऱ्या गोतावळ्यास आतां पॅरामॉर्मायरोप्स हें वंशनाम आहे. आमचा मासा, अर्थात्, पॅरामॉर्मायरोप्स किंग्स्लीए.

त्याच्या एकाच जातीविषयीं आणखी एक शोध २०११ सालीं पुढें आला. १९९८ ते २००९ या काळांत गॅबॉनमधील १२ ठिकाणांहून जमविलेले ५५३ मासे तपासले गेले. पूर्वेकडील माशांचा ठोका आंखूड, पश्चिमेकडील माशांचा लांब. बहुतेक ठिकाणीं मुख्य ठोक्याच्या आधीं एक इवलासा उलटा ठोका येतो. याचें कारण चकतीच्या देंठांत आहे: तो देंठ चकतीस भेदून पलीकडे निघालेला असतो. परंतु दोन ठिकाणीं, जेथें इतर माशांस जाणें कठीण, तेथील एकाहि माशांत हा पहिला ठोका नाहीं, व देंठहि पलीकडे गेलेला नाहीं. आणि दोहोंच्या सीमेवरील दोन जागीं दोन्ही तऱ्हेचे मासे एकत्र राहतात. त्यांचे अवयव मधल्यामध्यें अशा घडणीचे आहेत. बाहेरून पाहतां सारे सारखेच तपकिरी.

स्पिरिटमध्यें वीज राहत नाहीं. मेरीबाईंनीं आणलेल्या माशांचा ठोका कसा होता हें आतां कोणासहि ऐकतां येणार नाहीं. परंतु शास्त्राचा नियम असा आहे कीं आडनांव कितीदां बदललें तरी जातीचें नांव प्रथम वर्णिलेल्या नमुन्यांशींच बांधलेलें राहतें. उद्यां कोणी या माशाच्या दोन जाति केल्या, तर किंग्स्ली हें नांव कोणत्या जातीकडे ठेवावयाचें हें ठरविण्यासाठीं लंडनमधील तीच बरणी उघडून त्याच नमुन्यांकडे पाहावें लागेल.